तुम्ही विचारलंत म्हणून: दुखापतीसाठी ते पेप्टाइड घ्यावं का?

"मॅडम, ते बीपीसी घेतलं तर गुडघा लवकर भरून येईल का?" बीपीसी म्हणजे दुखापत लवकर भरावी म्हणून लोक टोचून घेतात ते बीपीसी-१५७ हे पेप्टाइड, आणि हा प्रश्न हल्ली मला सतत विचारला जातो. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. विचारणाऱ्यांत तालमीतले पैलवान असतात, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करणारे असतात, जिममध्ये खांदा दुखावून घेतलेली पोरं असतात. परवा फ्रोझन शोल्डरने रात्र रात्र झोप न लागणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, त्यांना परदेशातल्या मुलाने सुचवलं होतं. प्रत्येकाला दोन मिनिटांत काहीतरी सांगते, पुढचा पेशंट वाट बघत असतो आणि उत्तर अर्धवटच राहतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

माझं उत्तर आधीच सांगते: घेऊ नका. पण "ते सगळं थोतांड आहे" असं मी म्हणत नाही. त्यामागे खरं संशोधन आहे, आणि ते वाचताना मलाही उत्सुकता वाटते. नाही म्हणायचं कारण वेगळं आहे. या औषधाला जो साधा प्रश्न माणसांच्या बाबतीत विचारायला हवा होता, तो तीस वर्षांत कुणी नीट विचारलेलाच नाही.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांचीच आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. इन्सुलिन हे पेप्टाइडच. वजन कमी करण्यासाठी आता घरोघरी माहीत झालेलं सेमाग्लुटाइडही पेप्टाइड. त्या इंजेक्शनांमुळे लोकांची स्वतःला सुई टोचून घ्यायची भीती गेली, आणि पाठोपाठ ही दुसरी पेप्टाइडं जिमच्या गप्पांत शिरली. त्यांतलं सर्वांत नावाजलेलं बीपीसी-१५७. त्यात १५ अमिनो आम्लं. क्रोएशियात झाग्रेब विद्यापीठातल्या प्रेड्राग सिकिरिच यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे आणलं. माणसाच्या जठररसातल्या एका प्रथिनाचा हा तुकडा आहे, असं त्या गटाचं सांगणं. विकणारे यावरूनच म्हणतात, "आपल्या पोटातलंच आहे, नैसर्गिक आहे, कसला धोका?" इन्सुलिनही आपल्या शरीरातलंच आहे. जास्त टोचलं गेलं तर माणूस दगावू शकतो. एखादी गोष्ट शरीरात सापडते एवढ्यावरून ती किती, कुठे आणि किती दिवस टोचावी हे ठरत नाही.

आता उंदरांचे प्रयोग. हे मुद्दाम नीट सांगते, कारण लोक "संशोधनाने सिद्ध झालंय" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं असतात, आणि संशोधनात असतो तो प्रयोगशाळेतला मोठा उंदीर. झाग्रेबच्या गटाने त्याच्या मागच्या पायाची टाचेवरची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), म्हणजे आपण ज्याला अकिलीस टेंडन म्हणतो ती, शस्त्रक्रियेने कापली. काही उंदरांना रोज बीपीसीचं इंजेक्शन, काहींना नुसतं सलाईन. मग ठरावीक दिवसांनी कंडरा ताणून ती किती वजनाला तुटते ते मोजलं, उंदीर पाऊल कसं टाकतो ते पाहिलं, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू तपासले. बीपीसी मिळालेल्या उंदरांची कंडरा जास्त मजबूत निघाली, चालणं लवकर सुधारलं. स्नायू, लिगामेंट, हाड यांवरही त्यांनी असेच प्रयोग केले आणि निकाल बहुतेक याच दिशेने आले. तैवानमधल्या एका स्वतंत्र गटाने २०११ मध्ये उंदराच्या कंडरेतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून दाखवलं की बीपीसीमुळे त्या पेशी जास्त जगतात आणि जास्त भराभर सरकतात. २०१४ मध्ये त्याच गटाला दिसलं की या पेशींवर ग्रोथ हार्मोन पकडणारे रिसेप्टर वाढतात. हे चांगलं काम आहे. कुणी हसण्यावारी नेलं तर मला पटणार नाही.

पण त्या प्रयोगांत एक बारीक तपशील आहे, तो कुणीच सांगत नाही. कंडरा कापल्यानंतर पहिलं इंजेक्शन दिलं जातं ते अर्ध्या तासाने. माझ्याकडे येणारा माणूस आठ महिने टाच दुखवून येतो. मधल्या काळात त्याने मलम चोळलेलं असतं, पट्टा बांधलेला असतो, दोन वेळा विश्रांती घेऊन पुन्हा पळून पाहिलेलं असतं. तरुण, निरोगी उंदराची धारदार पात्याने कापलेली ताजी जखम आणि पंचेचाळीस वर्षांच्या, साखर काठावर असलेल्या माणसाची हळूहळू झिजलेली कंडरा, या दोन वेगळ्या व्याधी आहेत. पहिली भरून येण्याच्याच मार्गावर असते, तिला थोडा वेग दिला की फरक दिसतो. दुसरीत भरून येण्याचं काम मुळात अडकलेलं असतं.

माणसाची कंडरा किती अडकलेली असते याचा एक पुरावा मला फार विलक्षण वाटतो. १९५५ ते १९६३ या काळात उघड्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे जगाच्या हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला. चाचण्यांवर बंदी आल्यावर तो वर्षागणिक कमी होत गेला. त्या काळात जगलेल्या प्रत्येकाच्या शरीरात अन्नावाटे हा कार्बन गेला, आणि शरीराचा कुठला भाग कधी बनला याची तारीखच जणू त्यात उमटली. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मृत व्यक्तींच्या अकिलीस टेंडनचा गाभा तपासला. त्यातला कार्बन त्या माणसाच्या बालपणीच्या आणि किशोरवयाच्या हवेशी जुळला. म्हणजे कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. स्नायूत मात्र असं नव्हतं, तो सतत नवा होत राहिलेला होता. साठीतला माणूस ज्या कंडरेवर चालतो ती दहावी-बारावीत असताना तयार झालेली असते. एखादं इंजेक्शन ती "पुन्हा नवी" करेल, असं कुणी सांगितलं की मला हा अभ्यास आठवतो.

दुसरी एक अडचण रक्तवाहिन्यांची. बीपीसी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं, असं प्रयोगांत दिसतं, आणि ते भरून येण्यासाठी चांगलंच असं सगळे धरून चालतात. ताज्या जखमेत ते ठीक आहे. पण जुनाट दुखणाऱ्या अकिलीसची डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी केली तर तिथे नको तितक्या बारीक रक्तवाहिन्या आधीच उगवलेल्या दिसतात, सोबत मज्जातंतूही असतात, आणि वेदनेचा संबंध त्यांच्याशी असावा असं मानलं जातं. स्वीडनच्या उमेओ गावातल्या डॉक्टरांनी तर या वाहिन्या बंद करणारं औषध टोचून वेदना कमी होते का ते पाहिलं. एका ठिकाणी वाहिन्या बुजवण्यासाठी सुई, दुसऱ्या ठिकाणी त्या वाढवण्यासाठी सुई. तुमच्या टाचेला यातलं काय हवंय हे उंदरावरून सांगता येत नाही.

आणि वाढणाऱ्या गाठीलाही रक्तवाहिन्या लागतातच. कॅन्सरवरची काही औषधं नेमकी हीच वाट अडवतात. बीपीसीमुळे माणसात कॅन्सर होतो असा पुरावा नाही. होत नाही असाही नाही, कारण ते घेणाऱ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारा अभ्यासच झालेला नाही. ज्यांना पूर्वी कॅन्सर होऊन गेला आहे किंवा घरात जवळच्यांना आहे, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये असं मी हात जोडून सांगते.

मग माणसांवर काय झालंय? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात अस्थिरोगाच्या दृष्टीने बीपीसीवरचं सगळं साहित्य चाळलं गेलं. निकषांत बसणारे ३६ अभ्यास सापडले. त्यांतले ३५ प्राण्यांवरचे किंवा पेशींवरचे. माणसांवरचा एक. तो एक म्हणजे अमेरिकेतल्या एका दवाखान्याने आपल्याच जुन्या पेशंटांकडे मागे वळून पाहिलं होतं: गुडघ्यात इंजेक्शन घेतलेले १६ जण, त्यांतल्या काहींना सोबत दुसरं पेप्टाइडही दिलेलं. बहुतेकांनी बरं वाटल्याचं सांगितलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि सगळ्यांचं दुखणंही एकच नव्हतं. याशिवाय २०१५ मध्ये ४२ निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षिततेची एक चाचणी नोंदवली गेली होती, तिचे निकाल कधी छापून आलेच नाहीत. त्याआधी प्लिव्हा या क्रोएशियन कंपनीने मोठ्या आतड्याच्या दाहासाठी हे औषध माणसांवर तपासायला घेतलं होतं, पण ते औषध म्हणून बाजारात आलं नाही. अलीकडे काही छोटे अभ्यास आले आहेत, दोन जणांचा, बारा जणांचा, असे.

"पण मॅडम, सोळांतल्या बहुतेकांना बरं वाटलं ना?" हो. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळी मेख इथेच आहे.

नेदरलँड्समध्ये टेनिस एल्बोच्या १८५ पेशंटांवर एक चाचणी झाली, २००२ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. चिठ्ठी टाकावी तसे तीन गट केले. एकाला कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त समजावून सांगून वाट पाहायला लावलं. सहा आठवड्यांनी पाहिलं तर इंजेक्शनवाल्यांत ९२ टक्के बरे, फिजिओवाल्यांत ४७, आणि नुसतं थांबलेल्यांत ३२. त्या दिवशी अभ्यास बंद केला असता तर जगभर सगळ्यांनी इंजेक्शनच घेतलं असतं. वर्षाने पुन्हा पाहिलं. फिजिओवाले ९१ टक्के, काहीही न करता थांबलेले ८३ टक्के, आणि इंजेक्शनवाले ६९ टक्के. ज्यांना सर्वांत आधी आराम पडला होता तेच शेवटी सर्वांत मागे राहिले.

आता विचार करा. काहीही न करता थांबलेल्या शंभरातले ८३ जण वर्षात बरे होतात. त्या काळात त्यांनी जे काही घेतलं असतं, मग ते पेप्टाइड असो, कुणाचं तेल असो की गंडा असो, श्रेय त्यालाच गेलं असतं. आणि देणाराही खोटं बोलत नसता. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी माणसं बरी होताना पाहिलेली असतात.

असंच पीआरपीचं झालं. स्वतःचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटवाला भाग दुखऱ्या जागी टोचायचा. आपल्याकडे अजूनही त्याला भरपूर पैसे मोजले जातात. २०१० मध्ये डच संशोधकांनी जुनाट अकिलीस दुखण्याच्या ५४ पेशंटांपैकी अर्ध्यांना पीआरपी दिलं, अर्ध्यांना सलाईन. कुणाला काय मिळालं हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही गटांना व्यायाम सारखाच. चोवीस आठवड्यांनी शंभरपैकी मोजल्या जाणाऱ्या गुणांत पीआरपीवाले २१.७ ने सुधारले आणि सलाईनवाले २०.५ ने. म्हणजे सुधारले दोघेही, आणि फरक मोजण्यासारखा नाही. सलाईनवाला गट नसता तर पीआरपी टाचेवर रामबाण ठरलं असतं. उंदरांच्या प्रयोगांत पीआरपीही छान चाललं होतं, हे ध्यानात घ्या.

बीपीसीवर अशी चाचणी झालेली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. ती झाली आणि बीपीसी खरं ठरलं तर मला आनंदच होईल. माझ्या टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाची वेदना मला रोज दिसते. ती लवकर कमी करणारं काही मिळालं तर नको कशाला म्हणेन?

पेप्टाइड म्हटलं की मी नाहीच म्हणते, असाही समज नको. माझ्याकडे मणक्याचं हाड दबलेल्या काही आजी येतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन घेतात. तेही पेप्टाइडच, ३४ अमिनो आम्लांचं, पॅराथायरॉइड हार्मोनचा तुकडा. हाड बांधून काढतं. त्याची मोठी चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, आधी मणक्याचं फ्रॅक्चर झालेल्या १,६३७ बायकांवर. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत १४ टक्क्यांना मणक्याचं नवं फ्रॅक्चर झालं, रोज २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत ५ टक्क्यांना. हा आकडा समोर असला की मी आजींना स्वतःहून म्हणते, सुईला घाबरू नका, पेन नीट धरा, जागा बदलत राहा. या औषधाची उंदरांतली गोष्टही सांगण्यासारखी आहे. जन्मभर मोठ्या मात्रेत दिल्यावर उंदरांना हाडाचा कॅन्सर झाला, म्हणून अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळताना त्याच्यावर कडक इशारा छापला गेला. मग वर्षानुवर्षं हजारो माणसांवर लक्ष ठेवलं, तसा धोका वाढलेला दिसला नाही, आणि २०२० मध्ये तो इशारा काढला. उंदीर चांगल्याच्या बाबतीत फसवू शकतो तसा वाइटाच्या बाबतीतही फसवतो. दोन्ही वेळा निकाल माणसांकडे पाहूनच लागला.

पैलवानांसाठी आता थोडं वेगळं बोलते. बीपीसीसोबत हमखास ऐकू येणारं दुसरं नाव टीबी-५००. थायमोसिन बीटा-४ हे आपल्या पेशींत असलेलं ४३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, आणि टीबी-५०० या नावाने त्याचा छोटा तुकडा विकला जातो. मूळ पेप्टाइडच्या डोळ्यांच्या थेंबांवर माणसांत खरोखर मोठ्या चाचण्या झाल्या, डोळे कोरडे पडण्याच्या आजारासाठी. शेवटच्या टप्प्यातल्या, साधारण ७०० जणांच्या चाचणीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. दुखावलेल्या खांद्या-गुडघ्यासाठी टीबी-५०० वर माणसांतली अशी चाचणी नाही.

पण तुमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट बंदीची आहे. वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, हिच्या यादीत थायमोसिन बीटा-४ आणि टीबी-५०० बंद आहेत, आणि २०२२ पासून बीपीसी-१५७ ही. बीपीसी ज्या वर्गात आहे तो वर्ग म्हणजे माणसांच्या वापरासाठी कुठेही मान्यता नसलेली द्रव्यं. स्पर्धेच्या काळातच नाही, बारा महिने बंद. "मला माहीत नव्हतं", "वस्तादांनी दिलं", "दुखापतीसाठी घेतलं होतं" ही कारणं चालत नाहीत. ऑस्ट्रेलियात एसेंडन नावाचा फुटबॉल क्लब आहे. २०१२ च्या हंगामात तिथे खेळाडूंना इंजेक्शनांचा कार्यक्रम राबवला गेला. खेळाडूंनी संमतिपत्रावर सह्या केल्या, त्यात थायमोसिन असं लिहिलेलं होतं, आणि हे सगळं नियमात बसतं असं त्यांना वाटत होतं. २०१६ च्या जानेवारीत क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना थायमोसिन बीटा-४ घेतल्याबद्दल दोषी धरलं, तेही मुख्यतः परिस्थितीजन्य पुराव्यावर. दोन वर्षांची बंदी. खेळणाऱ्यांचा २०१६ चा अख्खा हंगाम गेला, आणि कर्णधार जोब वॉटसनने २०१२ मध्ये मिळालेलं, तिथलं सर्वांत मानाचं ब्राउनलो पदक परत केलं. आपल्या तालमीतल्या पोरामागे असा क्लबही नसतो आणि वकीलही नसतो. घरच्यांनी म्हशीचं दूध विकून, बदाम-तूप घालून वाढवलेला मुलगा एका बाटलीपायी चार वर्षं घरी बसू शकतो. त्यामुळे याबाबतीत मी पैलवानांशी गोड बोलत नाही.

आता ती बाटली. एक मुलगा सरळ घेऊनच आला होता, म्हणून जवळून पाहिली. करंगळीएवढी काचेची कुपी, वर रबरी बूच आणि रंगीत टोपी, तळाला पांढऱ्या भुकटीची पातळ चकती. लेबलवर पाच मिलिग्रॅम असा आकडा आणि खाली बारीक अक्षरांत "फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही". उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही, औषधाच्या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर असतो तसा बॅच आणि मुदतीचा ठसा नाही. यात वेगळं मिळणारं पाणी सुईने घालायचं, हलवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि इन्सुलिनच्या सिरिंजने रोज थोडं थोडं ओढून घ्यायचं. किती ओढायचं हे त्याने मोबाइलवरच्या तक्त्यावरून ठरवलं होतं. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये हजारपटीचा फरक आहे, आणि हा हिशेब स्वयंपाकघराच्या ओट्यावर होत असतो.

"पण शुद्धतेचं सर्टिफिकेट आहे, ९९ टक्के." हे सर्टिफिकेट बहुतेक वेळा एचपीएलसी नावाच्या तपासणीचं असतं. कुपीतलं पेप्टाइड किती आणि त्याचे तुटके-फुटके भाऊबंद किती, एवढं ती सांगते. जंतूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन, ज्याने थंडी वाजून ताप भरतो आणि रक्तदाब उतरू शकतो, ते तिच्यात दिसत नाही. कुपी निर्जंतुक आहे की नाही तेही दिसत नाही. डेअरीत दुधाची फॅट मोजली म्हणून त्यात ओढ्याचं पाणी पडलंय की विहिरीचं हे कळत नाही, तसंच हे. आणि ते सर्टिफिकेट तुमच्या हातातल्या कुपीचंच आहे याची खात्री कोण देणार? उंदरांच्या प्रयोगांत काय वापरलं होतं ते निदान लिहून ठेवलेलं आहे. तुमच्या कुपीत तेच आहे असं धरलं तरच ते प्रयोग तुम्हाला लागू होण्याची गोष्ट सुरू होते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२३ मध्ये बीपीसी-१५७ ला धोक्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या गटात घातलं, त्याची कारणं याच जातीची होती: शरीराने त्याविरुद्ध प्रतिकार उभा करण्याची भीती, बनवताना राहणाऱ्या अशुद्धी, आणि माणसांतल्या सुरक्षिततेची अपुरी माहिती. भारतातही ते मान्यताप्राप्त औषध नाही. म्हणजे तुमच्या डॉक्टरांना ते रीतसर लिहून देता येत नाही, आणि काही बिघडलं तर जबाबदार कुणीच नसतं.

मग करायचं काय? इथे माझं उत्तर कुणालाच फारसं आवडत नाही, कारण ते स्वस्त आहे आणि हळू आहे.

वर ज्या उमेओचा उल्लेख केला, तिथले डॉक्टर होकान अल्फ्रेडसन. त्यांना स्वतःला अकिलीसचं दुखणं होतं, आणि त्यांची ही गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. शस्त्रक्रिया करून मिळेना, म्हणून कंडरा तुटली तर करावीच लागेल अशा विचाराने त्यांनी तिच्यावर मुद्दाम जोरात भार टाकायला सुरुवात केली. ती तुटली नाही. बरी झाली. मग १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावपटूंवर बारा आठवड्यांचा व्यायाम तपासला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर यायचं आणि दुखऱ्या पायावर भार टाकत टाच सावकाश पायरीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन सेट, गुडघा किंचित वाकवून पंधराचे तीन सेट, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८०. दुखणं सहन होण्याइतकं असेल तर थांबायचं नाही, सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या पिशवीत वजन घालायचं. सगळे पंधरा जण पुन्हा पळायला लागले. हाही छोटा अभ्यास, पण याच्यापुढे थांबला नाही. नंतर इतरांनी तुलनागट घेऊन तपासला, सावकाश जड वजनाने आठवड्यातून तीनदा केलेला व्यायामही तितकाच चालतो हे दाखवलं, आणि आज जगभर कंडरेच्या दुखण्यात भार देणं हाच उपचाराचा कणा आहे.

कंडरेचा गाभा नवा होत नाही म्हटलं ना, मग व्यायामाने काय होतं? आजूबाजूचा निरोगी भाग भार घ्यायला तयार होतो, पोटरीची ताकद वाढते, आणि वेदना उठवणारी यंत्रणा शांत होते. हे इंजेक्शनने तुमच्याऐवजी दुसरं कुणी करून देत नाही. पैलवानांना हे पटकन कळतं, कारण जोर-बैठकांनी शरीर कसं हळूहळू तयार होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. नोकरदार माणसाला अवघड जातं. तो तिसऱ्या आठवड्यात विचारतो, "अजून दुखतंच, इंजेक्शन घेऊ का?" तिसऱ्या आठवड्यात दुखणारच. बारा आठवडे म्हटलं की बारा आठवडे.

त्या शिक्षिकाबाईंना मी आधी साखर तपासायला पाठवलं. फ्रोझन शोल्डर आणि मधुमेह हातात हात घालून चालतात, आणि आपल्याकडे खांदा आधी धरतो आणि साखर नंतर कळते असं कितीदा होतं. बऱ्या होण्याला अडथळा करणाऱ्या अशा गोष्टी, वाढलेली साखर, तंबाखू, पाच तासांची झोप, जेवणात नावाला प्रथिनं, यांतली एक जरी मार्गी लागली तरी फरक पडतो. या गोष्टी कुणी कुपीत भरून विकत नाही म्हणून त्यांची जाहिरात होत नाही.

कुठली चाचणी झाली तर माझं मत बदलेल, हेही विचारता तुम्ही. जुनाट अकिलीस किंवा टेनिस एल्बोचे दोनेकशे पेशंट, चिठ्ठी टाकून दोन गट, एकाला परवानाधारक कारखान्यात बनलेलं बीपीसी आणि दुसऱ्याला सलाईन, कुणाला काय मिळालं हे पेशंटलाही ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही, दोघांना व्यायाम सारखाच, आणि मोजणी सहा आठवड्यांनी नाही तर वर्षानेही. आधी नोंदणी, नंतर निकाल लागेल तो छापायचा. अशा चाचणीत उजवं ठरलं, आणि झाग्रेबबाहेरच्या दुसऱ्या कुणाला पुन्हा तेच दिसलं, तर मी हा लेख बदलून लिहीन.

तुमच्यापैकी काहींनी आधीच घेतलेलं आहे, हे मला माहीत आहे. तुम्हाला मी ओरडणार नाही. थांबवा, आणि कुपी फेकून देऊ नका, फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. टोचलेल्या जागी लाली पसरत असेल, गाठ धरली असेल, थंडी वाजून ताप आला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि कुपी सोबत न्या. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर ताप-गाठीची वाट न पाहता जाऊन सांगा. सुई कुणासोबत वाटून घेतली असेल तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. ती सरकारी रुग्णालयातही होते. खेळाडू असाल तर काय, कधी आणि किती घेतलं हे तारखांसकट लिहून काढा आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी उत्तेजकांचे नियम जाणणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्याकडे याल तेव्हा ते पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे तुमचा बदललेला आकडा व्यायामाचा की आणखी कशाचा, याचा मला हिशेब ठेवता येईल.